कार्य शून्य

चिलोएच्या किनाऱ्यावर लग्नघरासारखी गर्दी.
दोन्या ऑर्तेन्सियाचं घर आज गाव सोडणार होतं.
अख्खं घर. आलेर्सेची लाकडी कौलं, धुराडं, जिना
आणि आत कुठंतरी मांजर.
ते कुणी बाहेर काढलं नाही,
कारण कुणाला सापडलंच नाही.

चिगुआय बाईंनी नववीचा वर्ग तिथंच भरवला.
म्हणाल्या, वह्या नकोत, रबरी बूट घाला.

दहा जोड्या बैल. घराखाली दोन लांब तुळया.
हाळी झाली, साखळदंड ताठले,
खुरं चिखलात रुतली,
पाठींवरून वाफ निघाली
आणि घर
तसूभरही हललं नाही.

"कार्य किती झालं?" बाईंनी विचारलं.
आम्हाला पाठ होतं: बल गुणिले विस्थापन.
विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य.
"मग जा, त्या बैलाला सांगून ये."
मी गेलो. त्याच्या ओल्या नाकपुडीवर हात ठेवला.
मला सांगवेना.

एवारिस्तो नाउएल्कीननं तुळयांखाली शेवाळ पसरलं,
थंडगार, बुळबुळीत, हातभर रुंद पट्ट्यांचं.
पुन्हा हाळी.
काहीतरी कडाडलं, आणि घर निघालं.
निघाल्यावर मात्र सोपं.
बसलेल्याचा हट्ट चालत्यापेक्षा मोठा,
हे बाईंनी फळ्यावर दोनदा लिहिलं होतं,
मला ते तेव्हा कळलं.
आत एक ताट मागं राहिलं, पडलं, फुटलं.
"जडत्व!" आम्ही ओरडलो.
"सासूचं होतं," दोन्या म्हणाली. "फुटू दे."

भरतीला घर तरंगलं.
लाँच दोर ओढत होती, पलीकडच्या बेटाकडे,
जिथं तिच्या मुलानं जागा साफ करून ठेवली होती.
लाट आली, घर वर गेलं, खाली आलं.
लाट पुढं निघून गेली.
शेवाळाचा एक तुकडा होता तिथंच डुलत राहिला.
लाट पाणी नेत नाही, बाई म्हणाल्या,
फक्त हलवून जाते.
दोन्या लाँचमध्ये पाठमोरी बसली होती,
म्हणजे घराकडे तोंड करून,
म्हणजे घराच्या मागं उरलेल्या
त्या चौकोनी, गवत नसलेल्या मातीकडे.

संध्याकाळी बाईंनी नकाशावर एकच सरळ बाण काढला.
साडेचार किलोमीटर, ईशान्य.
वळणं, थांबे, तुटलेला एक दोर,
दुपारी दोनदा पिऊन झालेली सफरचंदाची दारू,
यातलं काही बाणात येत नाही.
विस्थापन इतकंच असतं, बाई म्हणाल्या,
आणि खडू उगाच बराच वेळ पुसत राहिल्या.

मांजराचं काय झालं, हे मला एवारिस्तोनं सांगितलं.
घर टेकलं, दार उघडलं, तेव्हा ते पायरीवर आलं.
घराच्या हिशेबानं ते कुठंच गेलं नव्हतं.
आळस देऊन उतरलं, नेहमीसारखं डावीकडं वळलं,
सफरचंदाच्या झाडाला नखं घासायला,
आणि पंजा वर धरून
तिथंच उभं राहिलं.