वारो होतो

पिटकुळीचे दोन कळे पाण्यात बुडवून
मी पाषाणाला लावतो,
एक उजवीकडे, एक डावीकडे,
आणि मागे सरून उभा राहतो.
पुढचं सगळं ते कळे करतात,
आणि ओल.

उजवा म्हणजे देवाचा उजवा, की आमचा?
हा प्रश्न लोकांना कळा पडल्यावरच सुचतो.

श्रावणात जगन तारी आला.
त्याच्या होडीच्या तळफळ्या कुजलेल्या,
नखाने टोकरलं तरी भुसा पडायचा.
दोन वर्षांत तिच्यात साडेचार लाख घातलेले.
देवगडचा एकजण मोडीत घ्यायला तयार होता.
"इकू काय?" म्हणत जगनने नारळ ठेवला.
उजवा पडला.
"वारो होतो," जगन म्हणाला.
समईची वात सरळ उभी होती.
तेव्हा मला दिसायचं.

पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा उजवा.
"तू कळे सारके लावलंस नाय."
तिसऱ्यांदा त्याने प्रश्नच फिरवला:
"देवा म्हाराजा, नवीन इंजिन घालू मां?"
कितीतरी वेळ काहीच पडेना.
भिंतीवर पाल चुकचुकली, ती जगनने जमेस धरली.
मग उजवा सुटला.

दिवेलागणीपर्यंत बंदरावर सगळ्यांना ठाऊक,
देवाने जगनला उजवा दिला.
आधीचे दोन उजवे कुणालाच ठाऊक नाहीत.
त्याने लपवले असंही नाही.
मला वाटतं, देवळाची पाखाडी उतरेपर्यंत
ते त्याच्याजवळ उरलेच नव्हते.

नोव्हेंबरात, अठरा वाव पाण्यात, तळ फुटला.
नवं इंजिन सुरूच होतं, पंपाला पाणी आवरेना.
मालवणच्या लाँचने चौघांना उचललं.
जगन पेढे घेऊन आला,
"देव होतो म्हणान वाचलंव."
न वाचता, तर लोक म्हणाले असते
याचं मागचं काहीतरी देणं राहिलं होतं.
माझ्या धंद्याला कुठल्याच बाजूने खोट नाही.

माझी हर्षाली बारावीत.
दोनशे पानी वहीत तीन वर्षं लिहीत होती:
तारीख, प्रश्न, कौल, पुढे काय झालं.
चौसष्ट कौल. तेहतीस खरे, एकतीस खोटे.
"बाबा, रुपयो उडवलो असतो तरी ह्याच."
मी तिच्यावर रागावलो नाही.
मी तिला ते तेहतीस घडाघडा म्हणून दाखवले,
कुणाची विहीर, कुणाची सोयरीक,
धुऱ्यांची हरवलेली म्हैस कुठल्या सड्यावर सापडली.
एकतिसांतला एकही आठवेना.
वही तर समोर उघडी होती.

आणि माझी बोटं?
ज्या कळ्यावर पाणी जास्त, तो आधी सुटतो,
चाळीस वर्षांत एवढं त्यांना कळलं असणारच.
मी कुणाचा कौल कधी फिरवलेला नाही.
शपथेवर सांगतो.
जगनही शपथेवरच सांगतो, वारा होता.

कणकवलीचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू पिकलाय,
दिवाळीच्या आत काढा.
आज पहाटे नारळ माझा, गाऱ्हाणंही माझंच,
"होय म्हाराजा" म्हणायला दुसरं कुणी नाही.
काढू काय, असं विचारायचं ठरवून आलो होतो.
तोंडातून निघालं,
"नाय काढलो तर चलात मां?"

थेंब पडल्याचं ऐकलं.
फरशीवर काहीतरी तांबडं, एवढंच दिसलं.
"खंयचो पडलो गो?"
हर्षाली वाकली, वही काखेत,
पेनाचं टोपण दातात धरलेलं.
बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "बाबा,
तुमका खंयचो व्हयो?"

मी दाराबाहेर पाहिलं.
माड हलतायत का, ते काही दिसेना.