प्रश्न सतरावा

'मला एकटेपणा जाणवतो.'
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.
तांबट आळीत, एकोणनव्वद साली,
ठोके थांबायची वाट बघत मी वाचून दाखवलं.
यमुताई करडे चिंचेनं हंडा घासत म्हणाल्या,
"एकटी कुठली, घरात नऊ माणसं.
करमत नाही एवढंच,
थोरली नांदायला गेल्यापासून."

त्याला चौकट नव्हती.
मी पेन्सिलनं समासात लिहिलं.
विभागात सरांनी ते
'उत्तर नाही'त टाकलं.

मग तीस वर्षं त्याच समासात गेली.
उलट भाषांतरात शब्द परत यायचा
'कंटाळा' होऊन, एकदा तर 'मनोरंजन नाही'.
परीक्षक लिहायचे, नमुना लहान आहे.
प्रोफेसर झाले त्या वर्षी
यमुताईंच्या दारावर मोबाइलच्या दुकानाची पाटी होती.

आता पट्टी आहे, माझ्या नावाची.
करमत नाही : एक ते पाच.
निरोपसमारंभाआधी प्राजक्ता टॅब घेऊन आली,
"मॅडम, चाचणी तुमच्यावरच करू?"
सोळा उत्तरं भराभर दिली.
सतराव्याला म्हटलं,
कोणावाचून, ते कुठं लिहायचं?

ती स्क्रीन वरखाली सरकवत राहिली.