आठ दिवसांनी दाखवा

चिपळूणला कागदावर लिहून दिलंय:
आठ दिवसांनी आपल्या डॉक्टरांना दाखवा.
आज अकरावा.
मधे दोन दिवस म्हावरं बरं लागलं,
मग फेरीबोट बंद होती.

दाभोळात खातू डॉक्टर कागद उजेडाकडे धरतात,
मी जाळ्यात तुटका आस बघतो तसे.
घडीवर फाटलाय, खिशात ओला झालेला.

त्या रात्री तिकडे सगळेच धावत होते.
छातीला वायरी, हाताला सुई,
नाव तिघांनी विचारलं
आणि लिहिलं पालकर.

खातू काही विचारत नाहीत.
पेनाने मधे ‘शेत’ घालतात, पालशेतकर करतात,
मग दंडाला पट्टा बांधतात.

"रात्रीची गोळी?"
होडीवर राहते कधीकधी.
"सुकट?"
मी लादीकडे बघतो.
"तुझ्या बापाला पण हेच..."
पुढचं बोलत नाहीत.
पट्ट्यातली हवा सुस्कारत जाते,
दोघंही काट्याकडे बघत राहतो.

"सोमवारी ये. म्हावरं लागलं तरी."

धक्क्यावर बोटीची वाट बघताना
गोळ्या ठेवायला डबी रिकामी केली.
तंबाखू खाडीत टाकली.
सगळी नाही.