वळसा

दोन मेमरींच्या मधल्या बोळात लाल डाग.
कडेची ऐपत नऊ तारांची,
चौदा घुसल्या आहेत.
पुण्याच्या ऑफिसला सांगून बसलेय: सकाळपर्यंत शून्य.

बोरखेडीत रात्रीचे पावणेबारा. लाइन गेलेली,
इन्व्हर्टर अजून दोनेक तास ओढेल.
जिनिंगकडून सरकीचा वास,
आणि बंड्यांच्या रांगेतून एखादी घंटा,
बैलानं झोपेत मान हलवावी तशी.

तू करतं तरी काय रातभर, आई विचारते.
मी वहीत चौकटी आखते: ही शिवारं समज,
दोन चौकटींमधली कड म्हणजे पांदण,
तारेला इथून तिथं जायचंय.
प्रत्येक तार शहाणी, जवळची वाट धरते,
आणि सगळ्या शहाण्या एकाच तोंडाशी चेंगरतात.
आई म्हणते, मंग हे तं नेहारेची पांदण झाली.

नेहारेची पांदण कागदावर बारा हात.
दोन्हीकडून धुरे कोरत कोरत,
दरसाल एक तास आत,
आता एक बंडी जाते. दुसरी समोर आली
की दोघांपैकी एकाच्या बापाचा उद्धार.

हंगामात जिनिंगवाले तिठ्यावर देवमन ढोबळेंना बसवतात.
कोणत्या बंडीनं कुठून जायचं ते सांगायला.
जिथे बंड्या अडकल्या त्या पांदणीच्या नावानं
बसथांब्याच्या खांबावर कोळशाची रेघ.
दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली तरी पुसत नाहीत.
"जेथं येकडाव फसली थेथं पुन्हा फसनारच."
माझ्या कोडमध्ये हीच रेघ आहे, तीनशे बाराव्या ओळीत:
गर्दी झालेल्या कडेची किंमत वाढवत न्यायची,
गर्दी ओसरली तरी उतरवायची नाही.
मी ते पुस्तकात शिकले.
खांब मात्र शाळेत जाता-येता रोज दिसायचा.

फरक इतकाच, माझ्याकडे धातूचे अकरा मजले आहेत,
जिना घालून वर चढता येतं.
देवमनजींकडे एकच, काळ्या मातीचा.

एक वाजता मी तारा उखडायला घेते.
उखडायची, किंमती पाहायच्या, पुन्हा टाकायची.
कोणती? जिला सवड आहे ती.
जिचा सिग्नल थोडा उशिरा पोचला तर कुणाचं बिघडत नाही.
पाचाचे तीन होतात, तिनाचे चार, मग दोन.
नोंद उघडते तर एकच तार, चाळीस हजार एकशे बहात्तर,
अकरा वेळा उपटलेली.
दर वेळी सवड कमी,
तरी इतरांपेक्षा जास्त.

सुभद्रा मडावी.
अर्धी बंडी कापूस, एकटी हाकणारी.
दाटी झाली की देवमनजी तिलाच म्हणतात,
"तू नहराकडून जाय वं माय, तुले कायची घाई?"
नहराकडून पावणेदोन कोस जास्त.
ती बैल वळवायची.
खांबावर वाटांच्या रेघा आहेत,
वळशांच्या नाहीत.

मी त्या तारेला खिळा ठोकते: हिला हलवायचं नाही.
आकडा दोनाचा सात होतो.
मग ज्यांनी कधी वाट बदलली नव्हती
त्या एकेक सरकायला लागतात, कुरकुरत.
चार. चार. तीन.
इन्व्हर्टर टिकटिकतो.
एक.
एकावरच सगळं बंद पडतं.

सकाळी तिठ्यावर ओरडा.
सुभद्रानं बंडी आडवी घातलीय पांदणीच्या तोंडाशी,
जू उतरवून बैलांपुढे कडबा टाकलाय.
"माह्या बैलायले ईचारा," ती म्हणते, "सवड हाय का."
मागे सतरा बंड्या, दोन ट्रॅक्टर.
देवमनजी कोळसा हातात धरून खांबापाशी उभे,
कुणाच्या नावानं रेघ मारायची ते कळत नाही.

खिशात फोन थरथरतोय, शून्य झालं का विचारायला.
मी शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याला
हात करते: घे, मागे घे,
अजून घे.