कालवांची वाट

कुडाळच्या थेटरात अंधार झाला,
नायकाच्या ओठातून पहिली धार आली
आणि मी शेजारणीला कोपर मारलं:
"ह्यां रगत नाय गो, आवडूकाकीचां आगळ."
दोन हंडे दिले होते तिने, बिनमिठाचे,
दाटपणाला वर काकवी.
खलनायक वाळूत चार वेळा मेला
आणि चारही वेळा
माणसांच्या आधी मुंगळे पोचले.

ठोसे म्हणजे फणस.
ते मागाहून, आमच्या मांगरात, गोधड्या टांगून घेतले.
एक पोरगा कानाला डबे लावून डोळे मिटून बसलेला,
दुसरा थापट्या मारायचा.
नायकाची मूठ काप्यावर, टणक.
मार खाणाऱ्याचं पोट बरक्यावर, बद्द.
हाड मोडलं की समजायचं, झावळीचा सुका पिडा.
बरका तिसऱ्या दिवशी पिकून फुटला,
त्या दिवशी सगळ्यांनी मारामारी खाल्ली.

मला घेतलं ते पाण्यासाठी.
निवतीच्या खडकांवर लढाई हवी होती,
तीही उन्हं कलताना, खडक पुरा उघडा पडल्यावर.
साहेबाच्या फोनात भरतीचं गणित होतं,
पण फोनाला शेवाळ कळत नाही.
मी म्हटलं, अवसेला या.
पुढे रोज दोन घटका उशीर, चौथ्या दिवशी काळोख.
मग समुद्र तुमचा नाही.

मास्तर मणिपूरचे, इबोमचा.
पाच फुटांचा माणूस,
मांजर वईवरून उतरावं तशी उडी, आवाजच नाही.
हिंदी त्यांचं मोडकं, माझं त्याहून मोडकं.
पहिल्या सांजेला नायक दोनदा आपटला:
भारी बूट, भारी पगार.
मी आपली पाटी-कोयती घेऊन
कालवं काढायला निघालेली, एकवीस वर्षांच्या सवयीने,
धारेवर टाच नाही, हिरव्यावर पाऊल नाही,
काळ्यावर बोटं,
मग गुडघा मोडून पांढऱ्यावर.
"रुको," मास्तर म्हणाले. "फिर चलो."
सात वेळा चालले.
ते मागून मोजत, अमा, अनी, अहुम,
आणि हात कुठे उडवायचा, मान कुठे वळवायची
ते माझ्या दोन पावलांमधल्या जागेत
बसवत गेले.

पाय जवळून दाखवायचे तर अनवाणी हवेत.
नायकाचे तळवे गालिच्याचे.
मग माझेच घेतले, त्याची विजार चढवून.
जोडवी काढा ना मावशी, म्हणाली एक पोरगी हळूच.
म्हटलं, येत नाहीत बाय, साबण लावूनही येत नाहीत.
येतात.
पण का काढू?
चिखल थापला. वर आगळ.

आता थेटरात शिट्ट्या,
अख्ख्या तालुक्याची पोरं त्या पायांवर फिदा,
आणि तिसऱ्या उडीच्या आधी लाट आली,
चिखल धुतला,
पापणी लवायच्या आत
अकरा जणांना लोळवणाऱ्या त्या मर्दाच्या
उजव्या पायात चांदी चमकली.
कोणी बघितलं नाही.
शेजारणीने बघितलं.
"अगो," म्हणाली, "ह्याचां लगीन झालेलां?"

शेवटी नावं वर सरकायला लागली.
फणसाचं नव्हतं, काकीचं नव्हतं,
माझं होतं की नाही ठाऊक नाही,
एस्टी चुकली असती.

दुसऱ्या दिवशी नवमी, भांगाचं पाणी,
खडक अर्धाच उघडा, कालवं मिळून मिळणार किती.
तरी गेले.
काळ्यावर बोटं. अमा.
गुडघा मोडून पांढऱ्यावर. अनी.
अहुमला पाय घसरला,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.