मोरवंदात किती वाजले

मागची खोली, नऊ बाय अकरा.
आधी तिथं कूलर असायचा, सोयाबीनची दोन पोती,
जान्हवीची मोडकी सायकल.
आता तिथं मोरवंद आहे.

मोरवंद कुठल्याच तालुक्यात येत नाही.
एकोणतीस वर्षं मी हिंगोली जिल्ह्यात जमिनी मोजतो,
आधी साखळीनं, आता उपग्रहाशी बोलणाऱ्या काठीनं,
आणि दर मोजणीला दोन भाऊ दोन बाजूंना उभे असतात
दातांत शब्द धरून.
म्हणून हा देश काढला,
उरलेल्या शिसपेन्सिलींनी, रविवारी, दुपारच्या झोपेऐवजी.
तिथं डोंगर रात्रीतून जागा बदलतात,
नदीला कंटाळा आला की ती वळते,
आणि बांध कुणाला कोरता येत नाही,
कारण बांध म्हणजे झोपलेला अजगर.

भिंतींना रंग झाला, करडा, जरासा शेवाळी.
छताला बाभळीच्या वाळक्या फांद्या टांगल्या.
राहिला उजेड.

मुंजाजीनं दुकानात आधी निळी पट्टी लावून दाखवली.
निळ्यात मला पुण्याची रात्रीची ट्रॅव्हल्स दिसली,
वरच्या बर्थवर पाय पोटाशी घेतलेली जान्हवी,
तिचा पहिल्या नोकरीचा डबा.
नको म्हणालो.
जांभळा लावला, तर मोबाईलचं दुकान झालं.
हिरव्यात माझेच हात कच्च्या कैरीसारखे.
सेलवरच्या मेणबत्त्या आणल्या त्यानं, डझनानं स्वस्त,
सगळ्या एकदम थरथरायच्या.
वारा इतका शिस्तीत नसतो आमच्याकडं.
मग सोळा रंगांचा रिमोट हातात दिला.
सोळावं बटण दाबलं आणि सगळं दुकान नाचायला लागलं,
बाहेर टेस्टर घेऊन उभं असलेलं पोरगं हसलं.

"साहेब," मुंजाजी म्हणाला, "रंगाचं राहू द्या.
तुमच्या तिकडं वाजलेत किती, ते सांगा."

मला सांगता येईना.
पाऊस विचारला असता तर सांगितला असता, मिलिमीटरमध्ये.
वेळ ठरवायची राहूनच गेली होती.

"आणला का सूर्य?" अनुसयानं दारातच विचारलं.
"नाही."
"मग इतका वेळ काय करायलते?"

रात्री आठवलं ते कचेरीतलं काचेचं मेज:
खाली साठचा पिवळा बल्ब, वर काच,
काचेवर कापडी नकाशा, त्यावर कोरा कागद.
निजामाच्या वेळच्या रेघा कागदात चढायच्या,
विहिरीच्या तळाला पाणी पाझरावं तशा.
मेज भंगारात गेलं तेव्हा काच मी सातशेला घेतली होती,
कशाला ते तेव्हा माहीत नव्हतं.
पलंगाखालून ओढून काढली,
दोन स्टुलांवर ठेवली, खाली बल्ब सोडला,
वर मोरवंद अंथरलं.

बटण दाबलं.
आधी खिंडी उजळल्या, मग अजगरांच्या पाठी.
बाभळीचे काटे छतावर दहापट मोठे झाले.
भिंती अंधारातच राहिल्या. राहू देत,
गुहेचे कोपरे कुणी मोजायचे नसतात.
मोरवंदात उजेड वरून पडत नाही.
तिथं जमिनीखाली कुणीतरी जागं असतं.

अनुसया आली, चष्मा कपाळावर, हाताला पीठ.
बराच वेळ वाकून बघत राहिली.
खालच्या उजेडात हनुवटी लख्ख, डोळे खोल,
क्षणभर ती मला ओळखू आली नाही,
कुठल्याशा गडाची मालकीण वाटली.
मग बोलली.
"यात गिरणी कुठाय? दळण कुठं न्यायचं या लोकांनी?"

मी पेन्सिल पुढं केली.
नदी जिथं कंटाळते, तिथं तिनं एक चौकोन काढला,
चौकोनाला पट्ट्याचं चाक,
आणि दाराशी एक रेघ. ती म्हणे रांग.
"गिरणी सहाला उघडती," म्हणाली, "त्याच्या आधी बाया येऊन बसत्यात."

तिच्या बोटाचं पीठ नकाशाला लागलंय.
बल्ब लावला की तो डाग सगळ्यात आधी दिसतो.
पुसला नाही.

दारावरच्या दिव्याचं तेवढं ठरायचंय.
उद्या मुंजाजीला फोन करीन,
सांगीन, सहाला दहा कमी.