तीन आणि थोडं

सुतळी पुरेना, म्हणून पोरांनी
घड उतरवलेल्या केळींची सोपटं सोलली,
वाद्या काढून शाळेच्या ओट्यावर वाळत घातल्या.
गणवेशांवर चिकाचे डाग पडले, काळे, कायमचे.
दोन आया भांडायला आल्या. त्यांचं बरोबर होतं.

फळ्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं.
एवढंच सांगितलं सहावीला :
गावात जे जे गोल आहे त्याला वादी गुंडाळा,
मग तीच वादी त्याच्या रुंदीएवढी कापत जा.

बांगडी झाली. दुधाच्या कॅनचं झाकण.
कापसाच्या ट्रॉलीचं चाक, ढोलाचं तोंड,
ठगूबाईचं मांड्यांचं खापर,
पालथं, अजून कोमट.
“फोडशात ते बाजारमाईन नवं आनी द्या,” ती म्हणाली,
आणि स्वतःच एक टोक धरून उभी राहिली.

प्रत्येक ठिकाणी तीन तुकडे
आणि वर शेपटीएवढं काहीतरी.
हर्षाली कोळी वैतागली :
“बाई, तीनच पुरे व्हतात ना!
हाई इतलंसं कसाले उरनं?”
मी म्हटलं, त्यालाच विचार.

तिने विचारलं. म्हणजे ती शेपटी
रुंदीवर ठेवत गेली, एकापुढे एक,
बांगडीवर, झाकणावर, खापरावर.
सात. सात. सात.
वर्गात असा गलका झाला
की मुख्याध्यापक डबा उघडा टाकून आले.

इथे तास संपायला हवा होता.

पण मागच्या बाकावरचा रेमसिंग बारेला,
जो पाड्यावरून चालत येतो
आणि माझ्याशी मराठीत मोजकंच बोलतो,
त्याने खिडकीतून चुडामण आप्पांची विहीर दाखवली.

वीस फूट रुंद. आप्पांनी स्वतः वादी धरली,
पोरांना मी कठड्यापासून चार हात लांब ठेवलं,
माझाच जीव वर-खाली होत होता.
तीन तुकडे. शेपटी. मग मळ्यातल्या मातीवर
शेपटी सात वेळा मांडली.

तीन बोटं कमी पडली.

“सोपट ताणलं गेलं असेल,” मी म्हणाले.
रेमसिंग काही बोलला नाही.
त्याने पुन्हा मांडली, आता अंगठ्याने दाबून,
पाठीवर ऊन, जिभेचं टोक दातांत.
तीन बोटं.

बांगडीत ती दिसत नाहीत, रेमसिंग,
केसाएवढी असतात, नखाखाली हरवतात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
मलाच ते त्या मातीत उकिडवं बसून
पहिल्यांदा दिसत होतं,
डी.एड.ला पैकीच्या पैकी मार्क असून.

रविवारी कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या रानात
त्याने मधोमध खुंटी ठोकली होती,
आणि बैलाचा कासरा, त्याला जोडलेला दुसरा कासरा,
त्याला जोडलेली कुणाच्या तरी साडीची पट्टी
हातात घेऊन तो ढेकळांतून फिरत होता,
मोठ्यात मोठं गोल काढत.
मी बांधावर उभी होते.
त्याने हाक मारली : बाई,
टोक धरा.